सातबाऱ्यावर नसलेल्यांची गोदूताई

विरार-नालासोपाऱ्याकडे घर घेणारा माणूस चार प्रश्न हमखास विचारतो. पाणी किती वाजता येते, स्टेशन किती लांब आहे, शाळा कोणती जवळ आहे आणि कागदपत्रे स्वच्छ आहेत ना? पहिल्या तिन्हींची उत्तरे महिन्याभरात कळतात. चौथ्याचे उत्तर कळायला कधी कधी वीस-वीस वर्षे लागतात. इमारत उभी राहते, सोसायटी होते, गणपतीची वर्गणी निघू लागते, मुले मोठी होऊन त्यांची लग्नेही होतात आणि मग एखादा चौकस सभासद सातबारा काढून आणतो, तर जमीन अजून मूळ मालकाच्या नाही तर बिल्डरच्याच नावावर! राहणारे आपण, कर भरणारे आपण, पण कागदावर आपण नाही. यातून वाट काढण्यासाठी सरकारला 'मानीव अभिहस्तांतरण' अशी, उच्चारतानाच दमायला लावणारी तरतूद करावी लागली.

ताबा एकाचा आणि कागद दुसऱ्याचा, हे आपल्या भागातले फार जुने दुखणे आहे. आपल्याला ते आता जाणवते आहे इतकेच. ऐंशी वर्षांपूर्वी याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हजारो वारली कुटुंबांचे अवघे आयुष्य या एका वाक्यात मावत होते. जमीन ते कसत होते, त्यांचे बाप-आजे कसत आले होते आणि तरीही त्या जमिनीवर ते कुणी नव्हते. या माणसांत जाऊन राहिलेल्या आणि त्यांची होऊन गेलेल्या एका बाईची कहाणी आज सांगायची आहे. तिचे नाव गोदावरी परुळेकर. कार्यकर्त्यांची ती गोदूताई आणि वारल्यांची गोदाराणी.

वसई-विरारची माणसे तिला आपली मानतील की नाही, मला ठाऊक नाही. तिचे कार्यक्षेत्र उंबरगाव, तलासरी, डहाणू हे. पण २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आपण त्याच एका जिल्ह्याचे रहिवासी झालो. शिवाय जमिनीचा प्रश्न लोकलच्या शेवटच्या स्टेशनापाशी थांबत नाही. महामार्ग ओलांडून भाताणे, मेढे, सकवारकडे गेले की तेच डोंगर, तेच पाडे आणि तोच प्रश्न भेटतो.

वकिलाची लेक

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव गोखले हे पुण्यातले नामांकित वकील. घर सुखवस्तू, वातावरण सुधारकी. मुलीने शिकावे हे घराला मान्य होते, आणि ती शिकलीही भरपूर. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर तिने कायद्याचा अभ्यास केला. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिचे नाव घेतले जाते. अशा मुलीने वडिलांच्या शेजारी टेबल मांडून बसावे आणि पुण्याच्या कोर्टात नाव काढावे, असेच कुणालाही वाटले असते.

पण तो काळ सत्याग्रहाचा होता. गोदावरीबाई चळवळीत पडल्या, १९३२ मध्ये शिक्षा भोगून आल्या आणि घरच्या वाटेपासून त्यांची वाट वेगळी झाली. त्या मुंबईला आल्या. नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने त्यांना सदस्य करून घेतले. या संस्थेने स्त्रीला असे सदस्यत्व देण्याची ती पहिलीच वेळ. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्या गड्यांची आणि मोलकरणींची संघटना बांधली. आज आपल्या सोसायट्यांत घरकामगारांच्या सुट्टीवरून वाद झडतात. तो विषय त्यांनी १९३०च्या दशकातच हाती घेतला होता.

याच संस्थेत त्यांची श्यामराव परुळेकरांशी गाठ पडली. श्यामराव १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात मांडले आणि त्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या लढ्यात श्यामराव पुढे होते. म्हणजे जमीन कसणाऱ्याची की कागदवाल्याची, हा वाद या जोडप्याच्या घरात लग्नाआधीच पोचला होता! १९३९ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. भारत सेवक समाज सुटला. युद्धविरोधी चळवळीत तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर त्यांनी किसान सभेचे काम अंगावर घेतले.

त्यांचे राजकारण सर्वांना पटण्यासारखे नव्हते आणि आजही ते सर्वांना पटेल असे नाही. ज्यांना लाल बावट्याचे वावडे आहे अशा वाचकांनीही पुढची हकीकत मात्र वाचावी, कारण ती पक्षाइतकीच जमिनीची आहे.

जमीन गेली कशी?

वारली हा मूळचा डोंगर-जंगलातला शेतकरी. राब जाळावा, नाचणी-वरई पेरावी, जंगलातून कंद, मध, लाकूडफाटा आणावा, अशी त्याची रीत. जमीन आपली आहे असे सांगणारा कागद त्याच्याकडे नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची मोजणी आली, रोख सारा आला आणि मागोमाग जंगलखाते आले. डोंगर राखीव झाला. सारा भरायला रोकड लागली. रोकड सावकाराकडे होती. पावसाळ्यात खायला धान्य लागले, तेही त्याच्याकडेच होते. या धान्याच्या कर्जाला खावटी म्हणत. घेताना एक माप आणि फेडताना दुसरे. अंगठा कशावर उठवला हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते. दोन पिढ्यांत जमिनी सावकार आणि जमीनदारांच्या नावावर चढल्या. वारली मात्र त्याच शेतात राहिला. बदलला तो फक्त त्याचा दर्जा. काल तो धनी होता, आता कूळ झाला आणि पुढे नुसता गडी.

याच्या जोडीला वेठ होती. जमीनदाराचे शेत आधी लावायचे, त्याचे गवत आधी कापायचे, त्याच्या घरची लाकडे फोडायची, तीही फुकट किंवा मूठभर धान्यावर. लग्नासाठी पैसे उचलले, तर नवरा-बायको दोघेही फेड होईपर्यंत धन्याचे. ती फेड बहुधा मरेपर्यंत होत नसे. अशांना लग्नगडी म्हणत. ही कथा कुणा चळवळ्याने रंगवून सांगितलेली नव्हे. मुंबई सरकारने १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याला आदिवासी भागांच्या पाहणीला धाडले, तेव्हा त्याने आपल्या अहवालात या गुलामीची रीतसर नोंद केली. अहवाल छापला गेला. वेठ चालूच राहिली.

इथे कायद्यातली एक मेख समजून घेतली पाहिजे. दुसऱ्याच्या जमिनीवर एखाद्याने बारा वर्षे उघडपणे, सलग आणि मालकाला न जुमानता ताबा ठेवला आणि मालक स्वस्थ बसला, तर मालकाचा हक्क संपतो. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत तीस वर्षांची आहे. याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. तत्त्व जुने, इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलेले, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही ते कायम आहे. पण यात अट अशी, की ताबा मालकाला आव्हान देणारा हवा. मालकाच्या परवानगीने शंभर वर्षे राहिलात तरी ती वर्षे जमेस धरली जात नाहीत.

आता या तराजूत वारल्याला बसवून पाहा. तो दरवर्षी धन्याच्या पाया पडून पेरणीची परवानगी घेत होता. खंड घालत होता. वेठीला जात होता. म्हणजे त्याची नम्रताच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरत होती! दांडगाईने घुसणाऱ्याला कायद्यात कधीतरी मालकी मिळण्याची सोय होती, पण पिढ्यान् पिढ्या इमानाने राबणाऱ्याला नव्हती. गोदूताईंच्या कामाचे मोल कळायचे, तर ही मेख ध्यानात ठेवावी लागेल.

झरीची सभा

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे येऊन पोचले. आपल्याकडेही या, असे त्यांनी परुळेकरांना सांगितले. गोदूताई गेल्या, पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या. पांढऱ्या कपड्यांतले जे कुणी येते ते काहीतरी घेऊन जाते, असा वारल्यांचा आजवरचा अनुभव. त्यामुळे सुरुवातीला माणसे बोलेनात. ही बाई भाकरी मागत नाही, कोंबडी मागत नाही, उलट आपल्याबरोबर जेवते आणि रात्री इथेच झोपते, हे दिसल्यावर हळूहळू तोंडे उघडली.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव अगदी साधे होते. वेठीला जायचे नाही. धन्याच्या शेतावर काम करायचे तर दिवसाला बारा आणे मजुरी घेतल्याशिवाय करायचे नाही. कुणी मारहाण केली तर एकजुटीने उभे राहायचे.

त्या सभेत सर्वांत आधी जमिनीच्या वाटपाची मागणी का पुढे आली नाही, असे कुणी विचारील. कायद्याची पदवी घेतलेल्या बाईला सातबारा, फेरफार, कुळाची नोंद हे काही परके नव्हते. पण तलाठ्यापुढे उभे राहून मी अमक्या शेताचा कूळ आहे असे म्हणायला आधी धन्याची भीती जावी लागते. मारून मुटकून वेठीला नेलेला माणूस साक्ष देत नाही. म्हणून पहिला घाव वेठीवर पडला, आणि तो असा बसला की पुढच्या काही आठवड्यांत उंबरगाव तालुक्यात वेठ कोसळली. मागोमाग डहाणूतही तेच झाले. लग्नगडी धन्याच्या वाड्यातून बाहेर पडून आपापल्या पाड्यांवर परतले. सरकारच्या अहवालाने जे झाले नव्हते, ते न घाबरण्याच्या एका निश्चयाने झाले.

पावसाळा संपला आणि गवताचा हंगाम आला. या पट्ट्यातले गवत मुंबईच्या गोठ्यांना जाई आणि त्यात जमीनदारांची मोठी कमाई होती. कापणाऱ्यांनी पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मागितले. जमीनदारांनी नकार दिला. संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले. बाई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे अशी आवई मुद्दाम उठवण्यात आली होती आणि दुसरीकडे पोलिसांना सशस्त्र जमाव जमल्याची वर्दी देण्यात आली होती, असे आंदोलनाच्या इतिहासात नोंदलेले आहे. बाई तिथे नव्हत्याच. गोळीबार झाला. लोक बावट्याभोवतून हलेनात. पुन्हा गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासह एकूण पाच जण ठार झाले.

त्या रात्रीचे ओझे गोदूताईंनी आयुष्यभर वाहिले असणार. ज्यांना ताठ उभे राहायला आपण शिकवले, ते आपली वाट पाहात उभे राहिले आणि मेले. या जागी दुसरा कुणी पुढारी मुंबईला परतला असता. त्या परतल्या नाहीत. जिल्हाबंदीचे हुकूम निघाले. १९४६ मध्ये आपल्या लोकांचे मंत्रिमंडळ आले, तरी त्या वर्षाच्या अखेरीस परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले गेलेच. त्या भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या, सुटल्या आणि पुन्हा तिथेच गेल्या. त्यांनी तुरुंगवासाच्या आठवणी लिहिल्या त्या पुस्तकाच्या नावातच 'आठ वर्षे' आहेत.

कसेल त्याची जमीन

स्वातंत्र्य आले आणि कायदेही आले. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा हा त्यांतला मुख्य. १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ जमीन कसत होता, तो त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कायद्याच्या इतिहासात ही मोठीच उडी होती. ताबा उद्दाम होता की नम्र, हा प्रश्नच या कायद्याने बाद केला. जमीन कोण कसतो एवढेच पाहायचे.

वसईच्या किनारपट्टीत याचा गुण आला, हे मी घरातच पाहिले आहे. आमचे आजोबा कूळ होते. थोडी भातजमीन आणि लहानशी वाडी. ३२-ग ची चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते भरले आणि ३२-म चा दाखला हाती आला. तो दाखला आजीने तिच्या मोहनमाळेसोबत एकाच पेटीत ठेवला होता, यावरून त्याची घरातली पत कळावी. पुढे कलम ४३ च्या शर्तीचे हेलपाटे आले. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायची तर परवानगी हवी. २०१४ मध्ये ती शर्त सैल झाली, दहा वर्षे उलटलेल्यांना साऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून मोकळीक मिळाली. तोवर वसईतल्या कितीतरी भातखाचरांवर चार-चार मजले चढले होते.

पण आमच्या त्याच खाचरांत लावणीला डोंगराकडून आदिवासी बायाबापे येत. आजी त्यांना नावाने ओळखायची, त्यांच्या लेकरांना काकडी-गूळ द्यायची. आमच्या कागदात त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते. पण ते ज्या टेकडीवर राहात, नाचणी काढत, तिथल्याही कागदात ते कुठे नव्हते. कुळकायद्याने मधल्या पायरीवरच्या आम्हाला वर चढवले. खालच्या पायरीवरचा माणूस तिथेच राहिला.

उत्तरेकडे तर कूळ म्हणून नोंद होण्यावरच झगडा होता. कायदा येणार याची चाहूल जमीनदाराला कुळाच्या आधी लागते. कुळाने आपखुशीने जमीन सोडल्याचे राजीनामे तयार झाले, कूळ हा कूळ नसून मजूर आहे अशा नोंदी झाल्या. गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली आणि १९५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कागदोपत्री 'स्वखुशी'ने सोडलेल्या जमिनींचा भलामोठा आकडा त्यांच्याही डोळ्यांत भरला होता. तलासरी-डहाणूत किसान सभेने पाड्यापाड्यांतून कुळांच्या नोंदी लावून घेतल्या, बेदखल केलेल्यांना पुन्हा शेतात उभे केले. गोदूताईंचे कायद्याचे ज्ञान इथे कामी आले. वडिलांच्या शेजारचे टेबल त्यांनी नाकारले, पण वकिली अशी पाड्यावर बसून केली.

जमिनी तरीही निसटत राहिल्या. पुरावा खुद्द सरकारचाच आहे. आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ मध्ये कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्यात परत मिळू शकत होत्या. पहिली तारीख पाहिलीत? तीच, कृषक दिनाची. ज्या दिवशी जमीन कसणाऱ्याची झाली, त्याच दिवसापासून ती त्याच्या हातून निसटल्याचा हिशेब कायद्याला मांडावा लागला.

एकटीचा प्रवास

१९५७ मध्ये श्यामराव ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. चीन युद्धाच्या वेळी दोघांनाही स्थानबद्ध करण्यात आले. त्या स्थानबद्धतेतच, ३ ऑगस्ट १९६५ रोजी, श्यामराव मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगात वारले. सव्वीस वर्षांचा संसार, त्यातली किती वर्षे एका छपराखाली गेली असतील कोण जाणे. गोदूताई तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. त्या थांबल्या नाहीत.

१९७० मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले. वारल्यांच्या उठावाची ही हकीकत १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. मी कॉलेजात असताना ते पुस्तक वाचले. माझ्या मनावर ठसली ती त्यातली राजकीय मांडणी नव्हे. माणसाच्या मनातली भीती कशी बसते आणि कशी उठते, हे या बाईने एखाद्या वैद्याच्या नजरेने टिपले आहे. सत्तरीच्या अखेरीस, १९८६ मध्ये, त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरची ती पहिली स्त्री. तलासरीत परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजारांवर घरांची वसाहत उभी राहिली, तिलाही गोदूताईंचेच नाव आहे. घराचा कागद बाईच्या हाती देणाऱ्या वसाहतीला याहून शोभणारे नाव सापडले नसते.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. दोनच दिवसांनी तलवाड्याच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन होता.

कुणाचा ताबा मोजायचा?

गोदूताईंनी सुरू केलेल्या कामाचा हिशेब त्यांच्याबरोबर मिटला नाही. वेठ १९४५ ला उत्तरेत मोडली, पण १९८२ मध्ये आपल्या वसई-भिवंडीच्या पट्ट्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. जंगलातल्या जमिनींचा प्रश्न तर त्याहून चिवट. पूर्वी एका वर्षापुरते देत ते एकसाली प्लॉट आदिवासी पिढ्यान् पिढ्या कसत राहिले. पण दर वर्षाची परवानगी, म्हणून ताबा धरायचा नाही! पुन्हा तीच मेख.

कब्जाचा कायदा बदलावा की नाही, यावर वाद चालूच आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल कब्जाच्या कायद्याबद्दल तीव्र नाराजी नोंदवली आणि सरकारला फेरविचार सुचवला. दुसऱ्याची जमीन लाटणाऱ्याला कायद्याने बक्षीस द्यावे, हे न्यायालयाला खटकले. २०२३ मध्ये विधी आयोगाने मात्र बदलाची गरज नाही असा अहवाल दिला. इंग्लंडने २००२ मध्ये आपला कायदा बदलून नोंदणीकृत जमिनीच्या मालकाला आधी नोटीस द्यायची सोय केली. अमेरिकेने तर १८६२ मध्येच पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले होते. मात्र त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांची वर्षे कुणी मोजली नाहीत. ताब्याला किंमत आहे हे जगातल्या सर्व कायद्यांना कळते. प्रश्न एवढाच, की कुणाचा ताबा मोजायचा.

कायद्याला मोजण्यासाठी तारीख लागते. मुंबईच्या झोपडीला १ जानेवारी २००० ची तारीख मिळाली. महाराष्ट्रातल्या वनजमिनींवरच्या कसवणुकीला आधी ३१ मार्च १९७८ ची आणि मग २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ची. या शेवटच्या कायद्यात मात्र तारखेपेक्षाही मोलाची एक गोष्ट आहे. ताबा सिद्ध करायला कागदच पाहिजे, ही सक्ती त्यात नाही. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाब हाही पुरावा मानला जातो. डहाणू भागातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका याचिकेत १९९५ मध्येच न्यायालयाने कागदापलीकडचा पुरावा पाहण्याची वाट खुली केली होती.

याची अंमलबजावणी मात्र अर्धीमुर्धीच झाली. दावे फेटाळले गेले, कुणाला कसतो त्याच्या चतकोर जमिनीचा दाखला मिळाला. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या पायांचे फोटो आपण पेपरात पाहिले. त्यांतले कितीतरी आदिवासी होते, हातात गोदूताईंच्याच किसान सभेचा बावटा होता आणि मागण्यांत वनहक्काचे दाखले होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि दोनच आठवड्यांत त्याला स्थगितीही दिली. म्हणजे टांगती तलवार अजून टांगतीच आहे.

आपल्या सोसायटीच्या कागदांसाठी आपण हेलपाटे घालतो, ते घातलेच पाहिजेत. आपल्याला वकील करता येतो, अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर खुर्ची ओढून बसता येते. तुंगारेश्वरच्या उतारावरच्या पाड्यात ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याचा एकमेव दस्तऐवज म्हणजे तिथला म्हातारा. हे शेत कुणी फोडले, तो आंबा कुणी लावला, नाला पूर्वी कुठून वाहात होता, हे त्याला ठाऊक आहे. असे म्हातारे दर पावसाळ्यात एक-दोन कमी होतात. त्यांचे जबाब वेळेवर लिहून घेणे, दाव्याला जोडणे आणि पोच घेणे हे काम कुठल्या मोठ्या क्रांतीचे नाही. लिहिता-वाचता येणारी चार मुले आणि काही रविवार एवढ्यात ते होऊ शकते. साक्ष द्यायला म्हातारा आज घाबरणार नाही. ते अवघड काम झरीच्या माळावर १९४५ मध्ये होऊन गेले आहे.